तालीम एकटीनं होत नाही

हल्ली मुलीला बासरीच्या क्लासला घालायचं म्हटलं, की आपला पहिला प्रश्न असतो, "परीक्षा कुठपर्यंत होतात?" प्रारंभिक, प्रवेशिका, विशारद... सगळं विचारून घेतो. सर किंवा बाई स्वतः पोरीबरोबर बसून वाजवतात का, हे मात्र कुणी विचारत नाही. मैत्रिणींनो, विचारायचं असेल तर आधी तेच विचारा.

आपल्या कोल्हापुरात 'तालीम' दोन प्रकारची. एक गंगावेस, मोतीबागची, लाल मातीतली, दुसरी गवयाची. शाहू महाराजांनी दोन्हींना आसरा दिला. खासबागचं मैदान त्यांनीच बांधलं आणि १८९५ मध्ये अल्लादियाखाँसाहेब दरबारी गायक झाले तेही त्यांच्याकडेच. दोन्हींची रीत एकच बघा. वस्ताद काठावर उभा राहून नुसता डाव सांगत नाही, हौद्यात उतरून पोराशी झटतो. आणि जोर लावतो तो पोराला झेपेल एवढाच! खाँसाहेबांच्या शिष्या मोगूबाई कुर्डीकर. त्यांच्या लेकीनं, किशोरीताई आमोणकरांनी, आईच्या मागं तंबोरा घेऊन बसत बसत गाणं उचललं.

बासरीला तर ही सोबत जास्तच लागते. पेटीचा सूर ठरलेला, पट्टी दाबली की वाजला. बासरीचा सूर आपल्या फुंकरीवर. जोरात फुंकलं की चढतो, दम कमी पडला की उतरतो, आणि नवशिकीला ते कळतही नाही. शेजारी गुरू तोच 'सा' धरून बसले असतील तर लगेच कळतं. दोन सुरांत सूतभर फरक राहिला तर आवाजात लाटांसारखी थरथर उठते, जुळले की थांबते. कुणी "चुकलं" म्हणायची गरजच नाही. मग 'सारेग, रेगम' असे पलटे आधी गुरूंनी, मग तिनं, नंतर दोघांनी मिळून. पुढं गुरू नुसता 'सा' धरून ठेवतात आणि ही वर जाऊन परत त्या 'सा'वर येते. श्वास कुठं घ्यायचा हेही समोर बघूनच कळतं.

तिकडं युरोपातही हीच पद्धत. प्रशियाच्या राजाला बासरी शिकवणाऱ्या क्वांट्झनं १७५९ मध्ये दोन बासऱ्यांसाठी सहा रचना छापल्या. आणि आपले हरिप्रसाद चौरसिया? वडील पैलवान, मुलानंही कुस्ती करावी ही त्यांची इच्छा. नाव झाल्यावरसुद्धा ते अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेले. त्या वाजवायच्या सूरबहार, बासरी नव्हे! त्या गाऊन सांगायच्या, हे वाजवायचे. म्हणजे जोडीला बासरीच हवी असंही नाही, गुरूचा सूर हवा.

२०२० च्या लॉकडाऊनपासून क्लास मोबाईलवर आले. घर सांभाळून शिकता येतं, हे खरंच आहे, मी नावं ठेवणार नाही. पण व्हिडिओ कॉलवर आवाज क्षणभर उशिरा पोचतो, त्यामुळं दोघांना एकत्र वाजवताच येत नाही. ते वाजवणार, आपण ऐकणार, मग आपण वाजवणार, ते "छान" म्हणणार. आमच्या मंडळातल्या एका मैत्रिणीनं चाळिशीत हौसेनं बासरी घेतली आणि सहा महिन्यांत कपाटात ठेवली. "एकटीच फुंकत बसल्यासारखं वाटतं गं," म्हणाली. घरचे म्हणतात, तिला चिकाटी नाही. मला ते अजिबात पटत नाही. जोडीशिवाय पैलवान तरी किती दिवस तालमीत जाईल?

म्हणून माझं म्हणणं, आठवड्यातून एक दुपार तरी गुरूंसमोर बसायला मिळालीच पाहिजे. त्या दुपारी भाजी कोण निवडणार, हा प्रश्न घरातल्या इतरांनी सोडवावा! पंधरा पोरं आणि एक पेटी असा क्लास असेल तर दोघी-तिघींनी मिळून फी भरा आणि वेगळी वेळ मागा. खर्च वाटला जातो, घरी रियाजाला जोडीणही मिळते. फक्त बासऱ्या घेताना सगळ्यांनी एकाच पट्टीच्या घ्या, गुरूंना विचारून. एकीची पांढरी दोन आणि दुसरीची काळी चार असली, तर कितीही फुंका, जुळायचं नाही.