हजेरीची खातेवही

कार्तिक शुद्ध पंचमीला आपल्या घरांत दोन गोष्टी घडतात. ज्ञानपंचमी म्हणून ग्रंथांचे पूजन होते आणि लाभपंचमी म्हणून पेढीवर नव्या वहीत पहिली नोंद होते. ज्ञान आणि हिशोब एकाच तिथीला यावेत यात मोठा अर्थ आहे. तो मला उमगला शहापुरात, थोरल्या बंधूंच्या किराणा दुकानात.

मानस मंदिराच्या दर्शनाला जाणाऱ्या वाचकांना शेजारचा तानसा परिसर ठाऊक असेल. तेथील जलाशयाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. शहापूर तालुक्यातील कित्येक पाडे मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. शिक्षणासाठीही त्यांना अशीच पायपीट करावी लागते. महाविद्यालयात शिकणारी मुले जीपने आटगाव स्थानक गाठतात आणि तेथून कसारा मार्गावरील लोकलने कल्याणला जातात. जीप भरल्याशिवाय सुटत नाही. एक लोकल चुकली की पुढचीसाठी ताटकळावे लागते आणि पहिला तास बुडतो. मुंबई विद्यापीठाच्या नियमानुसार हजेरी मात्र ७५ टक्के हवी.

अशीच एक विद्यार्थिनी वडिलांबरोबर दुकानात आली होती. तिचे नाव कमी हजेरीच्या यादीत लागले होते. एका विषयाचे ६० तास झाले होते, तिची हजेरी ४० होती. संगणकशास्त्र शिकणारा माझा पुतण्या गल्ल्यावर बसला होता. त्याने तेथेच कागदावर आकडेमोड केली. झालेल्या तासांच्या तिपटीतून हजेरीची चौपट वजा करावी. उरेल तितके तास सलग हजर राहावे लागते. १८० वजा १६०, म्हणजे २०. सत्रात उरले होते १२ तास. त्या सत्राची परीक्षा तिला देता आली नाही.

हिशोब सोपा होता. तो वेळेवर कोणी मांडला नव्हता एवढेच. पुतण्याच्या मनाला ही गोष्ट लागली. आठवडाभरात त्याने एक छोटे वेबपान तयार केले. झालेले तास आणि हजेरी भरावी, की आणखी किती तास हजर राहणे आवश्यक आहे किंवा किती बुडाले तरी चालतील, ते समोर येते.

पहिल्या आवृत्तीत मात्र नाव, मोबाइल क्रमांक आणि महाविद्यालय भरल्याशिवाय उत्तर मिळत नसे. बंधूंनी ते पाहिले आणि म्हणाले, “अरे, उधारीच्या वहीत आपण गिऱ्हाइकाचे नाव लिहितो, कारण आपले येणे असते. या मुलांकडून तुझे काय येणे आहे?”

पुतण्या निरुत्तर झाला. त्याने ते रकाने काढून टाकले आणि त्यातून अनपेक्षित लाभ झाला. पूर्वी माहिती साठवण्यासाठी प्रत्येक वेळी सर्व्हरशी जोडणी लागत असे आणि पाड्यावर नेटवर्क येते-जाते. आता सारी आकडेमोड फोनमध्येच होते. पान एकदा उघडले की फोनमध्ये राहते. पुढे इंटरनेट नसले तरी चालते. परिग्रहाचे परिमाण घालून घेतल्याने श्रावकाचे ओझे हलके होते, असे आपण प्रवचनात ऐकतो. येथे ते पडद्यावर दिसले.

व्यापाराचे साधन ज्ञानाच्या कामी लावणारे एक मोठे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार झाला. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी तो पाठ्यपुस्तकांत आणला, आणि कविता, गोष्टी व पाठ मुलांना फोनवर ऐकता-पाहता येऊ लागले. २०२० मध्ये त्यांना १० लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. साधन साधेच होते. सोडण्याची वृत्ती मोठी.

पुढच्या सत्रात ती विद्यार्थिनी पुन्हा दुकानात आली. तिने फोन पुढे केला. २४ पैकी २१ तास हजेरी. “दादा, अजून चार बुडाले तरी चालतील,” ती पुतण्याला म्हणाली, “पण ते मी पावसासाठी राखून ठेवलेत. जीप येत नाही ना तेव्हा.”

आपल्या घरोघरी मुले संगणक शिकत आहेत. त्यांना रोज तासभर गल्ल्यावर बसवावे आणि समोरच्या गिऱ्हाइकाच्या लेकराचे काय अडले आहे, ते ऐकू द्यावे. येत्या ज्ञानपंचमीला पाटीपुस्तकांबरोबर हे ज्ञानदानही घडो.