तारेवरचा आकडा आणि वहीतला आकडा

आम्ही कारकून माणसे. जमाखर्च जुळेना की फरकाची रक्कम तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकतात, हे आम्हांस ठाऊक आहे. पण ती तिथेच दडवून हिशेब चोख असल्याचे सांगणे ही लबाडी होय. राज्याच्या विजेचा हिशेब वर्षानुवर्षे काहीसा असाच चालला होता.

आमचे मिरजगाव कर्जत तालुक्यातले, दुष्काळी मुलखातले. इथे विहिरीला पाणी असेल तरच मोटार चालते. तरी बोल ऐकावा लागे, की सारी वीज शेतकरीच ओढतो. वास्तविक राज्यातल्या बहुतेक कृषिपंपांना मीटरच नव्हते. बिल अश्वशक्तीवर येई आणि पंप वर्षाला किती तास चालला हे वीज मंडळ गृहीत धरी.

सोपे उदाहरण घेऊ. 100 युनिट वीज पाठवली, मीटरवर 50 मोजली गेली. उरलेल्या 50 पैकी 32 पंपांच्या नावे लिहिली, तर गळती 18 दिसते. पंपांच्या नावे 19 च लिहिली, तर गळती 31 होते. म्हणजे पंपाचे तास वाढवले की चोरी झाकली जाते!

1999 साली राज्यात वीज नियामक आयोग आला. दरवाढीवर जाहीर सुनावणी होऊ लागली. पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्थांनी या गृहीतकांवर बोट ठेवले. तोवर 18 टक्क्यांच्या आसपास सांगितली जाणारी गळती 2000 साली 31 टक्क्यांच्या घरात निघाली. गळती एकाएकी वाढली नव्हती, वही उघडली गेली होती.

तारेवर आकडा टाकणारा गरीब पकडला जातो. वहीत आकडा टाकणाऱ्याला कोण पकडणार? त्याचा भुर्दंड मात्र वेळेवर बिल भरणाऱ्या घराला बसतो.

आज पुढच्या दहा-वीस वर्षांची विजेची मागणी संगणकावर मांडतात आणि त्यावरून प्रकल्प व दर ठरतात. यंत्र नवे, प्रश्न जुनाच. आत काय गृहीत धरले?

बंधू-भगिनींनो, 2003 च्या वीज कायद्याने दर ठरण्यापूर्वी लेखी हरकत घेण्याचा हक्क आपल्याला दिला आहे. दरवाढीची जाहीर सूचना आली, की घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीला जवळ बसवा आणि एवढेच लिहून पाठवा : हा आकडा मोजलेला की मानलेला?