चांगल्या न्यायाधीशाने मळवलेली वाट

माजी सरन्यायाधीश रंजन गोगोई २०२० मध्ये, निवृत्तीनंतर चारच महिन्यांत, राष्ट्रपतिनियुक्त खासदार झाले तेव्हा आपण भडकलो. पण ही वाट जुनी आहे. ती मळवणाऱ्यांत मुंबईचे एक फार चांगले न्यायाधीशही होते.

एम. सी. छागला १९४७ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश. १९५८ मध्ये त्यांनी मुंदडा प्रकरणाची जाहीर चौकशी केली आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना जावं लागलं. त्याच वर्षी ॲटर्नी जनरल सेटलवाड यांच्या विधी आयोगाने बजावलं : निवृत्त न्यायाधीशांनी सरकारी पद घेऊ नये. छागला त्या आयोगाचे सदस्य होते. आणि त्याच वर्षी ते राजदूत म्हणून अमेरिकेला गेले! पुढे केंद्रात मंत्रीही झाले.

छागलांच्या सचोटीवर माझा आक्षेप नाही. म्हणूनच त्यांचं उदाहरण घेतलं. प्रश्न माणसाचा असता, तर चांगली माणसं निवडून भागलं असतं. पण सरकारविरुद्ध कोर्टात उभ्या राहिलेल्या माणसाला न्यायाधीशाच्या मनात डोकावता येत नाही.

आपलं संविधान सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशाला वकिली करू देत नाही, राज्यपाल मात्र होऊ देतं. निवृत्तीनंतर निदान काही वर्षं तरी सरकारी पद नको, एवढं कायद्यात लिहायला अजून किती वाट पाहायची?