बांधिलकी आणि काव्यमूल्य : स्पेनमधील आयरिश स्वयंसेवकांच्या निमित्ताने

बांधिलकी हा निकष साहित्याच्या मूल्यमापनात कितपत उपयोगी पडतो, या प्रश्नाचा विचार करताना स्पॅनिश यादवी युद्धात (१९३६-३९) लढलेल्या आयरिश स्वयंसेवकांचे उदाहरण उद्बोधक ठरते. या युद्धाचा उल्लेख समीक्षेत बहुधा प्रजासत्ताकाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या लेखक-कवींच्या संदर्भात येतो. आयर्लंडमधून मात्र दोन्ही बाजूंना माणसे गेली. ओइन ओडफी यांच्या नेतृत्वाखाली सुमारे ७०० जण, कॅथलिक धर्माच्या रक्षणासाठी म्हणून, फ्रँकोच्या सैन्यात दाखल झाले. फ्रँक रायन यांच्यासारखे डावे प्रजासत्ताकवादी आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये लढले. त्यांची संख्या पुष्कळच कमी होती. फेब्रुवारी १९३७ मध्ये माद्रिदजवळील हारामा नदीच्या आघाडीवर हे दोन्ही गट होते.

दोन्हीकडे निष्ठा होती, घरदार सोडण्याची तयारी होती, मरणाची जोखीम होती. निष्ठेची उत्कटता हेच मूल्य मानले, तर या दोहोंत भेद करता येणार नाही. लोकनियुक्त सरकारविरुद्धच्या बंडाला साथ देणे आणि त्या सरकारचे रक्षण करणे यांत नैतिक अंतर आहे, आणि ते नोंदवलेच पाहिजे. परंतु हा नैतिक निर्णय वाङ्मयीन निर्णयाची जागा घेऊ शकत नाही.

प्रजासत्ताकाच्या बाजूने लढणारा कवी चार्ल्स डॉनेली २७ फेब्रुवारी १९३७ रोजी हारामा येथे वयाच्या बाविसाव्या वर्षी मारला गेला. त्याच्या मोजक्या कविता हौतात्म्याच्या प्रकाशात वाचण्याचा मोह स्वाभाविक आहे. मात्र ‘द टॉलरन्स ऑफ क्रोज’ या कवितेत वीरश्री नाही, जयघोष नाही, कोणत्याही पक्षाचे नावही नाही. युद्धशास्त्राची थंड, नेमकी परिभाषा आणि शरीराबरोबर विचारही नष्ट होतो याचे भान, यांच्या ताणातून ती उभी राहते. ओडफी यांनीही आपल्या मोहिमेवर पुस्तक लिहिले (१९३८). त्याचे ‘क्रुसेड इन स्पेन’ हे शीर्षकच युद्धाचा अर्थ आधी ठरवून टाकते.

बांधिलकीने डॉनेलीला रणभूमीवर नेले. त्याची कविता टिकली ती तेथील मृत्यूकडे डोळे उघडे ठेवून पाहणाऱ्या भाषेमुळे. कवीच्या बलिदानाचा आदर राखूनही समीक्षेने या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. अन्यथा आपण कवितेऐवजी स्मारकच वाचत राहू.