कॅमेरे पुष्कळ झाले, साक्षीदार कुठे आहेत?

हल्ली एक वाक्य फार ऐकू येतं. कॅन्टीनमध्ये, मित्रांच्या ग्रुपवर, पॉडकास्टवर. "आता युद्धवार्ताहर कशाला पाहिजे? प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. बॉम्ब पडला की पाचव्या मिनिटाला व्हिडिओ आपल्या हातात." बोलणारे बहुतेक माझ्याच वयाचे, माझ्याच धंद्यातले. तंत्रज्ञानानं एखादं काम मोडीत काढलं की आमच्या लोकांना फार समाधान वाटतं. टायपिस्ट गेले, ट्रॅव्हल एजंट गेले, आता हेही जातील, असा एकूण सूर असतो.

हे वाक्य खोटं आहे, आणि त्याची किंमत माणसं मोजतात. युद्धवार्ताहराची गरज संपली असं फक्त आपल्याला वाटतं, घरी बसून स्क्रोल करणाऱ्यांना. गोळ्या झाडणाऱ्यांना तसं अजिबात वाटत नाही. वाटलं असतं, तर त्यांनी वार्ताहरांना शोधून शोधून मारलं नसतं आणि सीमेवरच अडवलं नसतं.

सीरियातलं होम्स शहर घ्या, फेब्रुवारी २०१२. बशर अल-असदच्या फौजेनं बाबा अम्र या वस्तीला वेढा घातला होता आणि दिवसभर तोफांचा मारा चालू होता. कॅमेऱ्यांची वाण तिथे नव्हती. वस्तीतली तरुण पोरं जीव धोक्यात घालून रोज व्हिडिओ काढत होती, यूट्यूबवर टाकत होती. सरकारचं उत्तर ठरलेलं होतं. आम्ही फक्त सशस्त्र अतिरेक्यांवर कारवाई करतोय, बाकी सगळं बनावट आहे. बाहेरच्या जगाला काय, दोन्ही बाजू ऐकायच्या आणि खांदे उडवायचे.

मग लंडनच्या 'संडे टाइम्स'ची मेरी कोल्विन तिथे पोचली. वय ५६. सोबत छायाचित्रकार पॉल कॉनरॉय. सरकारी परवानगीनं तिथे जाणं शक्य नव्हतं, म्हणून लेबनॉनमार्गे चोरवाटेनं, शेवटचा टप्पा पाण्याच्या बोगद्यातून वाकून. तळघरात दाटीवाटीनं लपलेल्या बायका-मुलांना ती भेटली आणि त्यांची हकीकत १९ फेब्रुवारीच्या अंकात छापून आली. २१ फेब्रुवारीला ती बीबीसी, चॅनल फोर आणि सीएनएनवर बोलली. एक तान्हं मूल आपल्यासमोर कसं गेलं ते तिनं सांगितलं. इथे लष्करी ठाणी नाहीत, थंडीनं आणि भुकेनं काकडलेल्या साध्या माणसांवर मारा चालला आहे, असं ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी, पत्रकार ज्या घरात उतरले होते त्यावर तोफगोळे पडले. कोल्विन गेली. तिच्याबरोबर रेमी ओश्लिक हा फ्रेंच छायाचित्रकारही गेला. तो २८ वर्षांचा होता.

तिच्या कुटुंबानं अमेरिकेत सीरियन सरकारवर खटला भरला. २०१९ मध्ये न्यायालयानं निकाल दिला की हा हल्ला ठरवून, पत्रकारांनाच लक्ष्य करून केला होता. सीरियानं सुमारे ३० कोटी २० लाख डॉलर भरपाई द्यावी, असा आदेश झाला. त्याआधी २०१६ मध्ये एका अमेरिकन वाहिनीला मुलाखत देताना असद म्हणाले होते की ती बेकायदा आली, दहशतवाद्यांबरोबर राहिली, त्यामुळे जे झालं त्याला तीच जबाबदार. २०२४च्या डिसेंबरमध्ये असदना देश सोडून पळावं लागलं आणि २०२५ मध्ये फ्रान्सच्या न्यायाधीशांनी याच हल्ल्याबद्दल त्यांच्याविरुद्ध अटक वॉरंट काढलं.

व्हिडिओ काढणाऱ्या पोरांनाही तिथे कोणी सोडत नव्हतं. बाबा अम्रमधून थेट प्रक्षेपण करणारा रामी अल-सय्यद कोल्विनच्या आदल्याच दिवशी मारला गेला. धैर्यात तो तिच्यापेक्षा तसूभरही कमी नव्हता. फरक एवढाच की त्याच्या व्हिडिओला 'बनावट' म्हणून निकालात काढता येत होतं. कोल्विनला तसं म्हणणं सोपं नव्हतं. का नव्हतं, याचं उत्तर तिच्या कॅमेऱ्यात सापडत नाही. ते तिच्या आधीच्या पंचवीसेक वर्षांच्या नोकरीत आहे.

ती नोकरी काय होती ते बघू. सप्टेंबर १९९९, पूर्व तिमोरची राजधानी दिली. स्वातंत्र्याच्या बाजूनं कौल गेल्यावर इंडोनेशियाधार्जिण्या टोळ्या शहर जाळत सुटल्या होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या आवारात सुमारे दीड हजार माणसं आसऱ्याला होती, बहुतेक बायका आणि मुलं. कर्मचाऱ्यांना बाहेर काढायचं ठरलं तेव्हा बहुतेक पत्रकार निघून गेले. कोल्विन आणि दोन डच पत्रकार बायका थांबल्या, आत काय चाललंय ते जगाला सांगत राहिल्या. काही दिवसांत त्या माणसांनाही सुखरूप बाहेर काढण्यात आलं.

एप्रिल २००१, श्रीलंका. तमिळ वाघांच्या ताब्यातल्या वन्नी भागात जायला सरकारनं पत्रकारांना बंदी केली होती. ती गेली. औषधं आणि अन्न अडवल्यानं तिथल्या सामान्य तमिळ माणसांचे काय हाल आहेत ते पाहून परतताना लष्करानं गोळीबार केला. आपण पत्रकार असल्याचं ती ओरडून सांगत होती, तरी स्फोटकाचा मारा झाला आणि तिचा डावा डोळा कायमचा गेला. वाघ काही संत नव्हते. लहान मुलांच्या हातात बंदुका देणारी, आत्मघातकी हल्ले करणारी संघटना होती ती. पण तिथल्या दवाखान्यात औषध आहे की नाही, हे कोणीतरी जाऊनच बघावं लागतं.

आठ वर्षांनी, मे २००९ मध्ये, ते युद्ध संपत असताना वाघांचे राजकीय नेते नडेसन आणि पुलिदेवन यांनी लंडनला फोन लावला तो कोल्विनला. आम्हाला शरण यायचंय, जीव वाचेल याची हमी कोणी देईल का? तिनं तो निरोप संयुक्त राष्ट्रांच्या विजय नंबियार यांच्यापर्यंत पोचवला. १८ मेच्या सकाळी दोघेही मारले गेले. पांढरं निशाण घेऊन येणाऱ्यांना मारलं, हा आरोप श्रीलंका सरकारनं कायम नाकारला आहे. आज त्या प्रश्नाची चर्चा होते, कारण त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी होतं.

ही झाली परदेशी युद्धांवर लिहिणाऱ्या पत्रकाराची कारकीर्द. हेल्मेट आणि बुलेटप्रूफ जॅकेट हा त्यातला सगळ्यात छोटा भाग. बाकी सगळं कंटाळवाणं काम आहे. परत परत त्याच प्रदेशात जाणं, माणसं जोडणं, एका बाजूनं सांगितलेलं दुसऱ्या बाजूकडून ताडून पाहणं, चुकलं तर आपलं नाव खराब होईल या भीतीनं वाक्य पुन्हा तपासणं. हे व्हायला वर्षं लागतात. ते अपलोड करता येत नाही.

आमच्या धंद्यातली गोष्ट सांगतो. कुठल्याही बऱ्या कंपनीत कोड असाच प्रॉडक्शनवर जात नाही. ती ओळ कोणी लिहिली, कोणी तपासली, कधी बदलली, याची नोंद राहते. रात्री दोनला सिस्टीम कोसळली की त्या नावाच्या माणसाला फोन जातो. निनावी कोड आम्ही पेमेंटच्या सिस्टीममध्ये घेणार नाही. आणि त्याच आम्हाला, एखाद्या शहरात काय घडलं हे ठरवायला 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स' पुरतं! व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला फोटो दाबून लहान होतो, तेव्हा तो कुठे आणि कधी काढला याची त्यातली माहितीही गळून पडते. हातात येतं ते बिननावाचं चित्र. 'आर्मा ३' या व्हिडिओ गेममधली दृश्यं युक्रेनच्या, गाझाच्या आणि २०२५च्या मे महिन्यात भारत-पाकिस्तानच्या लढाईची म्हणून फिरली. त्याच मे महिन्यात आपल्या काही वाहिन्यांनी स्टुडिओत बसून कराची बंदर उद्ध्वस्त केलं. तिथे त्यांचा एकही माणूस नव्हता. याला मराठीत उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. फरक इतकाच की या उंटाला सायरनचा आवाज लावलेला होता.

यावर आमच्यातला हुशार माणूस म्हणेल, मग ओसिंट आहे ना. उपग्रहाची चित्रं, व्हिडिओतल्या सावल्या, इमारतींचे आकार जुळवून सत्य काढता येतं. येतं, नक्की येतं. बेलिंगकॅटसारख्या गटांनी केलेल्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्या कामाची मर्यादा सुदाननं दाखवून दिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये दीर्घ वेढ्यानंतर अल-फाशर हे शहर आरएसएफ या निमलष्करी दलाच्या हाती पडलं. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी उपग्रहाच्या चित्रांत मृतदेहांसारखे आकार आणि जमिनीवरचे लालसर डाग दाखवले. मारेकऱ्यांनी स्वतःच काढलेले व्हिडिओ फिरले. कत्तल झाली हे त्यावरून कळलं. पण त्या डागांना नाव नाही. मरणारा कोण होता, शेवटच्या आठवड्यात काय खात होता, कोणाला फोन लावत होता, हे आकाशातून दिसत नाही. आणि ज्यांची नावं कळत नाहीत त्यांना जग दोन दिवसांत विसरतं. अल-फाशरचं तेच झालं.

दुसरा आक्षेप जास्त रास्त आहे. गोरी बाई विमानानं येणार, दोन आठवडे राहणार, पुरस्कार घेणार; तिथल्या स्थानिक पत्रकारांचं काय? बरोबर आहे. बाबा अम्रच्या पोरांनी वाट दाखवली नसती, घर दिलं नसतं, तर कोल्विनची एक ओळही छापून आली नसती, आणि त्या पोरांची नावं आपल्याला माहीत नाहीत. पण या आक्षेपाचा शेवट 'मग बाहेरचे नकोतच' असा केला की काय होतं, ते गाझात दिसलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर इस्रायलनं परदेशी पत्रकारांना गाझात स्वतंत्रपणे जाऊ दिलं नाही. लष्कराच्या गाडीतून, लष्कर दाखवेल तेवढंच. सगळा भार पडला तिथल्या पत्रकारांवर, ज्यांचं स्वतःचं घर पडत होतं, ज्यांची स्वतःची मुलं उपाशी होती. पत्रकारांच्या संरक्षणासाठी काम करणाऱ्या सीपीजे या संस्थेच्या मोजणीनुसार २०२४ मध्ये जगभरात किमान १२४ पत्रकार आणि माध्यम कर्मचारी मारले गेले, आणि त्यातले ७० टक्क्यांच्या आसपास इस्रायलच्या हातून. ऑगस्ट २०२५ मध्ये अल जझीराचा अनस अल-शरीफ मारला गेला तेव्हा इस्रायलनं तो हमासचा माणूस असल्याचं सांगितलं. असदनी कोल्विनबद्दल तरी वेगळं काय सांगितलं होतं? त्याच महिन्यात नासर रुग्णालयावर हल्ला झाला, तेव्हा रॉयटर्ससाठी तिथून थेट चित्रण पाठवणारा हुसाम अल-मसरी गेला. चालू असलेलं प्रक्षेपण अचानक बंद पडलं.

म्हणजे स्थानिक की परदेशी हा वादच खोटा आहे. दोघं लागतात. स्थानिक पत्रकाराला 'त्यांचाच माणूस' म्हणून उडवून लावता येतं, तेव्हा शेजारी दुसऱ्या कोणाची सही असावी लागते. ती सही होऊ नये यासाठीच बंदी असते.

आता पैशाचं बोलू, कारण ते कोणी बोलत नाही. कोल्विनवर 'अ प्रायव्हेट वॉर' हा सिनेमा २०१८ मध्ये आला. डोळ्यावरची काळी पट्टी, सिगारेट, दारू, रात्रीची भयस्वप्नं. आपण टाळ्या वाजवतो, 'काय धाडस' म्हणतो. धाडस हा शब्द फार सोयीचा आहे. तो उच्चारला की पगार, विमा, मानसोपचार, प्रशिक्षण, कोणाचीच चौकशी करावी लागत नाही. सीरियात अपहरण होऊन २०१४ मध्ये आयसिसच्या हातून मारले गेलेले जेम्स फोली आणि स्टीव्हन सॉटलॉफ दोघेही फ्रीलान्सर होते, म्हणजे कोणाचेच पगारी नोकर नव्हते. त्यानंतर एएफपी या वृत्तसंस्थेनं जाहीर केलं की जिथे आम्ही आमची माणसं पाठवत नाही, तिथून आलेलं फ्रीलान्सरचं कामही आम्ही घेणार नाही. एवढी साधी नीतिमत्ता जाहीर करावी लागली, यावरून बाकीचा बाजार कसा चालत असेल ते ओळखा. २०२१ मध्ये कंदाहारजवळ स्पिन बोल्दकला मारला गेलेला आपला दानिश सिद्दिकी रॉयटर्सचा होता. भारतीय माणूस, पण त्याला अफगाणिस्तानात पाठवणारी संस्था परदेशी. मराठी वाचकाला तर युक्रेन, सुदान, गाझा कळतं ते बहुतेक वृत्तसंस्थांच्या मजकुराच्या अनुवादातून.

हे असं का आहे, याचं उत्तर आपल्या महिन्याच्या खर्चात आहे. आपण तीन-चार ओटीटीचे पैसे भरतो, दहा मिनिटांत कोथिंबीर घरी यावी म्हणून भरतो. बातमी मात्र फुकट हवी, आणि पेवॉल दिसला की शिव्या घालायच्या. मग फुकटात जे मिळतं ते मिळतं: स्टुडिओतली आरडाओरड आणि व्हिडिओ गेम.

म्हणून पुढच्या वेळी कोणी म्हणालं की युद्धवार्ताहर कालबाह्य झाला, तर त्याला एकच प्रश्न विचारा. तू पाहिलेल्या शेवटच्या युद्धाच्या व्हिडिओच्या वेळी तिथे कोण उभं होतं? नाव सांग. त्याला सांगता येणार नाही. आणि महिन्याला एका पिझ्झाचे पैसे अशा एखाद्या संस्थेला द्या, जी आपली माणसं तिथे पाठवते, त्यांचा विमा भरते आणि बातमीखाली त्यांचं नाव छापते. बातमी मराठी असो, इंग्रजी असो. लष्कराच्या भाकऱ्या भाजणारी ही माणसं आपल्यासाठी मरायला तयार आहेत असं समजू नका. ती जिवंत परत यायला बघत असतात. त्यांना परत आणायला पैसे लागतात.