मोकळी रंगभूमि

परवां नातीनें एका वस्त्रप्रदर्शनाचीं छायाचित्रें दाखविलीं. आम्हांस त्यांत वस्त्रांपेक्षां पहिल्या रांगेंतील प्रसिद्ध मंडळीच अधिक दिसली. पाहावयास येणारे थोडे, दिसावयास येणारेच फार! पण हे दुसरे लोकही एकदां स्वतःस विसरले होते. ती हकीकत हिप्पी-युगाच्या अखेरीची आहे.

२८ नोव्हेंबर १९७३ रोजीं पॅरिसजवळील व्हर्साय राजवाड्याच्या जीर्णोद्धारार्थ तेथील नाट्यगृहांत पांच फ्रेंच व पांच अमेरिकन वेषरचनाकारांनीं आपापलीं वस्त्रें मांडलीं. समोर सुमारें ७०० पाहुणे. त्यांत मोनाकोच्या राजघराण्यांतील ग्रेस केली, चित्रकार अँडी वॉरहॉल. हिप्पी तरुणांनीं झुगारलेला सारा थाट येथें दागिन्यांसह बसला होता.

आधीं फ्रेंचांची पाळी. वाद्यवृंद, नुरेयेव्हचें नृत्य, जोसेफिन बेकरचें गायन. रंगमंचावर भोपळ्याचा रथ काय, अंतराळयान काय! हा सोहळा सुमारें दोन तास चालला. अमेरिकनांनींही पडदा करविला होता. परंतु फूट आणि मीटर यांचा घोटाळा होऊन तो आंखूड पडला. (उत्तरापुढें एकक लिहा, असें आम्ही पस्तीस वर्षें मुलांना बजावीत होतों, तें उगाच नव्हे.) अखेर आयफेल मनोऱ्याच्या एका रेखाचित्रावर भागवावें लागलें.

पण शाकुंतलांत तरी दुष्यंताचा रथ रंगभूमीवर कोठें असतो? नटाच्या अभिनयांतच तो धांवतो. येथेंही तसेंच झालें. लायझा मिनेलीच्या गाण्यानें आरंभ झाला आणि मग मुली नुसत्या चालत न येतां गिरक्या घेत, नाचत आल्या. ३६ जणींपैकीं दहाएक कृष्णवर्णी होत्या, आणि रंग भरला तो मुख्यतः त्यांनींच. अर्ध्या-पाऊण तासांत सारें आटोपलें. तेव्हां त्या भारदस्त मंडळींनीं हातांतील कार्यक्रमपत्रिका हवेंत उधळल्या!

फ्रेंचांचीं वस्त्रें एकेका धनिक स्त्रीच्या अंगाबेतानें शिवलेलीं. अमेरिकनांचीं बहुतेक दुकानांत तयार मिळणारीं. दहा रचनाकारांत स्त्री एकच, अ‍ॅन क्लाइन. नोकरीपेशाच्या बायकांसाठीं कपडे करणारी म्हणून तिला तेथें कमी लेखण्यांत आलें होतें. आम्हांस मात्र त्या दहांत तिचेंच काम थोर वाटतें. आमच्या घरच्या सुनाही सकाळीं आठाची गाडी गांठतात. पुढें चारच महिन्यांनीं, मार्च १९७४ मध्यें, ती कर्करोगानें वारली. त्या रात्रीं पडद्यामागें राबलेली तिची तरुण सहायिका डोना कॅरन हिनें तिचें काम पुढें चालविलें.