छायालेखनाच्या शिक्षणाचा हिशेब

पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटला एप्रिल २०२५ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्या निमित्ताने एक जुना आक्षेप पुन्हा ऐकू येऊ लागला आहे. ज्या देशात खेड्यातल्या शाळेचे छप्पर गळते, त्या देशाने मूठभर तरुणांना तीन तीन वर्षे कॅमेरा चालवायला शिकवण्यासाठी सरकारी तिजोरीला हात का घालावा? ज्याला हौस असेल त्याने स्वतःच्या पैशाने शिकावे! असे म्हणणाऱ्यांत केवळ बाजारपेठेचे भाट नाहीत. समतेची भाषा आयुष्यभर बोललेले आमचे काही स्नेहीही आहेत. म्हणूनच या आक्षेपाचा समाचार घेणे भाग आहे.

आक्षेपकांचा आवडता दाखला 'प्रभात'चा. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात स्वतःच्या कारखान्यात कॅमेरा घडवला, त्यांच्याच हाताखाली दामले-फत्तेलाल तयार झाले. अवधूत यांच्या छायालेखनाने नटलेला १९३६ चा 'संत तुकाराम' १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. यांतल्या कोणाला पदव्युत्तर शिक्षणाची गरज भासली, असा त्यांचा सवाल असतो.

सवाल बिनतोड वाटतो. पण त्यात अर्थशास्त्राचा गंधही नाही. त्या काळचा स्टुडिओ हीच शाळा होती. कलावंत आणि तंत्रज्ञ मासिक पगारावर नोकरीस असत. उन्हात परावर्तक धरून उभा राहणारा पोऱ्या काही वर्षांनी फिल्म भरायला, मग भिंगाचे अंतर मोजायला आणि अखेर कॅमेऱ्यामागे उभे राहायला शिके. मालक हा खर्च सोसत असे, कारण शिकलेला माणूस उद्याही आपल्याच आवारात राबणार याची त्याला खात्री होती. दुसऱ्या महायुद्धानंतर काळ्या पैशाच्या जोरावर स्वतंत्र निर्माते उभे राहिले, तंत्रज्ञ चित्रपटागणिक कराराने मिळू लागले आणि स्टुडिओ एकामागून एक कोसळले. 'प्रभात'ही त्यातून सुटली नाही. आता एका निर्मात्याने शिकवलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुसऱ्याकडे जाणार. मग शिकवण्याचा खर्च करील कोण? कामगाराबरोबर निघून जाणाऱ्या कौशल्यावर खासगी भांडवल पैसा घालत नाही, हे अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकातही सापडेल.

स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने १९५१ च्या अहवालात चित्रपटशिक्षणाच्या संस्थेची शिफारस केली, ती या पार्श्वभूमीवर. १९६० मध्ये ती संस्था स्थापन झाली आणि तीही खुद्द 'प्रभात'च्या आवारात! धंद्याने टाकून दिलेली जबाबदारी शासनाने उचलली आणि तिची फळे मात्र धंदा गेली सहा दशके चाखत आला. अनुदान घेणारे कोण आणि देणारे कोण, हे आता वाचकांनीच ठरवावे.

शासनाने हात काढून घेतला तर उरतात दोन मार्ग. एक खासगी चित्रपटशाळांचा, जिथे लाखोंची फी हीच पहिली प्रवेशपरीक्षा. (अशाच एका शाळेसाठी मुंबईच्या चित्रनगरीतील वीस एकर सार्वजनिक जमीन देण्याचा व्यवहार २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द ठरवला. खासगी उद्यमशीलतेलाही सरकारी जमिनीचा तिटकारा नसतो.) दुसरा मार्ग उमेदवारीचा. दोन-तीन वर्षे अंधेरीत खोली घेऊन, नाममात्र पैशावर किंवा फुकट राबत, कोणा छायालेखकाचा चौथा साहाय्यक म्हणून राहणे कोणाला परवडते? ज्याचे घर मुंबईत आहे आणि काका धंद्यात आहे त्याला. चंद्रपूरच्या शेतमजुराच्या मुलीला तो परवडत नाही. दिवे उचलणाऱ्या पुरुषांच्या टोळीत तिला कोणी उभेही करणार नाही. प्रवेशपरीक्षा आणि आरक्षण असलेली सार्वजनिक संस्था हीच तिच्यासाठी उघडी असलेली एकमेव खिडकी आहे.

'कॅमेरा चालवणे' हा शब्दप्रयोगही फसवा आहे. जुन्या मराठी श्रेयनामावलीतला 'छायालेखन' हा शब्द किती नेमका! प्रकाश आणि सावली यांनी लिहिणे, आणि लेखन म्हटले की काय लिहावे व काय वगळावे हा प्रश्न आलाच. यंत्रही या प्रश्नात तटस्थ नसते. कोडॅक कंपनीच्या रंगीत फिल्मचे रंग प्रयोगशाळांतून जुळवले जात ते एका गोऱ्या स्त्रीच्या छायाचित्राशी ताडून. 'शर्ली कार्ड' या नावाने ते प्रसिद्ध आहे. काळ्या माणसाचा चेहरा त्या फिल्मवर नुसता डाग होऊन उमटे. कंपनीला जाग आली ती प्रामुख्याने चॉकलेट आणि लाकडी सामान विकणाऱ्यांनी आपल्या मालाच्या छटा नीट येत नाहीत अशी तक्रार केल्यावर! सावळ्या माणसांच्या या देशात वैशाखातल्या उन्हात रापलेला चेहरा पडद्यावर कसा उतरवावा, हे कोणत्याही परदेशी कंपनीच्या माहितीपुस्तिकेत मिळणार नाही. त्यासाठी चुकण्याची मुभा असलेली जागा लागते; निर्मात्याच्या रोजच्या खर्चाच्या घड्याळाखाली चुकता येत नाही.

या गुंतवणुकीचे फळ काय, असे विचारणाऱ्यांनी १९६९ साल आठवावे. संस्थेतून १९६६ मध्ये बाहेर पडलेल्या के. के. महाजन यांनी त्या एका वर्षी मृणाल सेन यांच्या 'भुवन शोम'चे आणि बासू चटर्जी यांच्या 'सारा आकाश'चे छायालेखन केले. दोन्ही चित्रपटांना सरकारी फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनचे अर्थसाहाय्य होते. सार्वजनिक पैशाने शिकलेला माणूस आणि सार्वजनिक पैशाने निघालेला स्वस्त चित्रपट एकत्र आले आणि हिंदी चित्रपटाने गाणी-गालिचे सोडून सौराष्ट्रातली वाळू पाहिली.

आणि आज? डिसेंबर २०१९ मध्ये पुणे व कोलकाता येथील संस्थांचे विद्यार्थी दरवर्षीच्या दहा टक्के फीवाढीविरुद्ध आणि प्रवेशपरीक्षेच्या वाढीव शुल्काविरुद्ध उपोषणास बसले. दहा टक्के हा आकडा निरुपद्रवी भासतो. चक्रवाढीने हिशेब करा: सात-सव्वासात वर्षांत दुप्पट, दहा वर्षांत अडीचपटीहून अधिक. शेतमजुरी त्या गतीने वाढते काय? आरक्षणाची जागा कागदावर तशीच राहते आणि तिच्यावर बसणारा दारातूनच परततो.

त्याआधी २०१५ मध्ये संस्थेच्या अध्यक्षपदावरील राजकीय नेमणुकीविरुद्ध विद्यार्थ्यांनी १३९ दिवस संप केला. त्यांतल्या पस्तीस जणांवर पोलिसांनी आरोपपत्र दाखल केले. त्यांच्यातील पायल कपाडिया यांच्या चित्रपटाला २०२४ मध्ये कान महोत्सवाचा 'ग्रां प्री' मिळाला. त्याचे छायालेखक रणबीर दास हेही याच संस्थेचे. अभिनंदनाचे संदेश धडाधडा निघाले. न्यायालयातल्या तारखांचा उल्लेख त्यांत कोणी केला नाही.

अभिमत विद्यापीठाच्या दर्जाबरोबर 'स्वयंअर्थसाहाय्यित अभ्यासक्रम' हा आपल्या उच्च शिक्षणाला जडलेला रोगही या आवारात शिरेल, अशी रास्त भीती आहे. अभियांत्रिकी आणि वैद्यकीय शिक्षणाचे त्याने काय केले ते महाराष्ट्राने १९८३ पासून पाहिले आहे. म्हणून मागणी आताच स्पष्ट शब्दांत झाली पाहिजे: फीवाढ थांबवा, प्रवेशपरीक्षेचे शुल्क रद्द करा, परीक्षेची प्रश्नपत्रिका मराठीसह भारतीय भाषांत काढा, आणि हा खर्च चित्रपटधंद्यावर खास उपकर बसवून वसूल करा. निर्माते ओरडतील. त्यांना 'प्रभात'चा वेतनपट दाखवावा.